सांगलीने परदेशी शहराशी जोडी जमवायची ठरवली, तर सुरुवात कुठून करायची?

मुंबईची जपानच्या योकोहामाशी १९६५ पासून आणि जर्मनीच्या श्टुटगार्टशी १९६८ पासून जोडी आहे, म्हणजे इंग्रजीत ज्याला 'सिस्टर सिटी' म्हणतात ते दोन शहरांमधलं सहकार्य. पुण्याचं अमेरिकेतल्या सॅन होजेशी १९९२ पासून नातं आहे. नागपूरने युरोपीय संघाच्या एका कार्यक्रमातून जर्मनीतल्या कार्ल्सरूहेबरोबर काम केलं. सांगलीत असा विषय काढला की दोन उत्तरं हमखास मिळतात. एक, 'ते मोठ्या शहरांचं काम'. दुसरं, 'म्हणजे नगरसेवकांची परदेशवारी'. पहिलं चुकीचं आहे. दुसऱ्यात तथ्य आहे, कारण देशभरातले असे बरेच करार हार, शाल आणि फोटो यापुढे गेलेले नाहीत. ते का अडकतात आणि अडकू नयेत म्हणून काय क्रमाने करायचं, ते या लेखात आहे. महापालिकेतला अधिकारी, नगरसेवक, अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक किंवा पूरग्रस्त भागात काम करणारं मंडळ, यांपैकी कोणालाही ही सुरुवात करता येते.

शहरांनी समुद्र ओलांडून एकमेकांशी का बोलायचं, हा प्रश्न आधी उरकून घेऊ. १९९१ साली बाल्टिक समुद्राभोवतीचे देश मोडत आणि नव्याने घडत होते. त्याच वर्षी सप्टेंबरात पोलंडच्या ग्दान्स्कमध्ये ३२ शहरं एकत्र आली आणि त्यांनी बाल्टिक शहरांचा संघ काढला. भूमध्य समुद्राकाठच्या शहरांनीही त्याच वर्षी बार्सिलोनात असंच जाळं उभं केलं. कारण साधं होतं. समुद्रात मिसळणारं सांडपाणी कुठल्या ना कुठल्या नगरपालिकेच्या गटारातून येतं, परराष्ट्र खात्याच्या गटारातून नाही. सेंट पीटर्सबर्गचं नैऋत्य भागातलं सांडपाणी प्रक्रिया केंद्र २००५ मध्ये सुरू झालं, त्यात फिनलंड आणि स्वीडन यांनी पैसा घातला. रशियावर उपकार म्हणून घातला नाही. ती घाण त्यांच्याच किनाऱ्याला लागत होती. शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत जाताना पाहिलेल्या सांगलीकराला याहून जास्त समजावायची गरज नाही.

आधी विषय, मग शहर

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. कोणीतरी कुठल्यातरी परदेशी शहरात जाऊन येतो, तिथला महापौर भला माणूस निघतो, करार करायचं ठरतं आणि मग कशावर करायचा याचा शोध सुरू होतो. शेवटी मसुद्यात 'शिक्षण, संस्कृती, पर्यटन, व्यापार, पर्यावरण, क्रीडा' असं सगळं येतं आणि त्यातलं एकही होत नाही.

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे विषयांची कमी नाही, त्यामुळे गाळणं महत्त्वाचं. चाळणी एकच लावा: हे काम महापालिकेच्या हातात आहे का? द्राक्षं आणि बेदाणा घ्या. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, तासगावची द्राक्षं युरोपात जातात. पण निर्यातीच्या द्राक्षाची बागेपासूनची नोंद 'अपेडा' या केंद्राच्या कृषिमाल निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीत होते, माल निर्यातदार पाठवतो, कीडनाशकाच्या अंशाची तपासणी प्रयोगशाळा करते. यात महापालिकेला जागाच नाही. हळदीचंही तेच, तो बाजार समितीचा आणि व्यापाऱ्यांचा प्रांत. मिरजेची सतार आणि तंबोरा हा विषय चांगला आहे, पण त्याची वाट वेगळी आहे, त्यावर पुढे बोलू.

उरतो पूर. इथे महापालिकेचे हात थेट गुंतलेले आहेत. बांधकाम परवाना तीच देते, निळ्या रेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूरपट्ट्याच्या हद्दीच्या, आत काय होऊ द्यायचं हे तिच्या नगररचना विभागाच्या टेबलावर ठरतं, माणसं हलवायची जबाबदारी तिची आणि पाणी ओसरल्यावर गाळ काढायचा तोही तिनेच. आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नाशी ओलांडली. २००५ चा पूर पाहिलेली पिढी अजून कामावर आहे. म्हणजे बोलायला अनुभव आहे आणि शिकायला कारणही.

विषय ठरला की तो एका प्रश्नात लिहून काढा. 'पूरव्यवस्थापनात सहकार्य' हा प्रश्न नाही. हा आहे: पाणी ४० फुटांवरून ४५ फुटांवर चढेपर्यंतच्या वेळात सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथली घरं कोणत्या क्रमाने रिकामी करायची, अंथरुणाला खिळलेली माणसं कुठल्या घरांत आहेत आणि हे आज कोण, कशाच्या आधारावर ठरवतं? एवढा नेमका प्रश्न हातात असला की परदेशी शहराचा अधिकारी पत्राला उत्तर देतो. गुळगुळीत पत्राला तो नम्र आभार पाठवतो, आणि विषय तिथंच संपतो.

कुठलं शहर?

राजधान्या आणि महानगरं पहिल्यांदा बाजूला काढा. त्यांच्याकडे असे प्रस्ताव रांगेत उभे असतात. आपल्या आकाराचं, नदीकाठचं, मार खाल्लेलं शहर शोधायचं.

समजण्यासाठी एक उदाहरण घेतो. असा कुठलाही करार सांगलीने केलेला नाही, हे आधीच स्पष्ट करतो. जपानच्या ओकायामा प्रांतात कुराशिकी नावाचं शहर आहे. लोकसंख्या पाच लाखांच्या आतबाहेर, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या महापालिकेएवढीच. २०१८ च्या जुलैमध्ये, ६ आणि ७ तारखेला, तिथल्या माबी भागात ओदा नदीचे बांध फुटले आणि एकट्या त्या भागात ५१ माणसं गेली. ओदा ही ताकाहाशी नदीची उपनदी. मोठी नदी तुडुंब असल्याने उपनदीचं पाणी पुढे सरकेना, ते मागे फुगलं आणि बांध तुटले.

हे वाचून सांगलीकराच्या डोळ्यांपुढे हरिपूर येईल. तिथे वारणा कृष्णेला मिळते. दोन्ही नद्या एकाच वेळी चढल्या की पाण्याला वाट उरत नाही आणि शहरातली पातळी चढत जाते. पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, त्याहून पुढे कर्नाटकातलं अलमट्टी धरण. त्या धरणाच्या फुगवट्याचा, म्हणजे मागे साचत येणाऱ्या पाण्याचा, वाद पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीच्या अहवालानंतरही मिटलेला नाही. फरक असा की माबीत उपनदी अडली, आपल्याकडे मुख्य नदी तुंबते. पण संगमाचं दुखणं दोघांचंही. जपानने त्यावर काय केलं? ओदा आणि ताकाहाशी यांचा संगमच साधारण ४.६ किलोमीटर खाली नेला. ते काम २०२४ मध्ये पूर्ण झालं. आपल्याला संगम हलवता येणार नाही, आणि तसा प्रस्ताव घेऊन कोणी जाऊही नये. शिकण्यासारखं त्यातलं दुसरंच आहे. माबीत पाणी जिथे जिथे चढलं तो भाग शहराने आधीच छापलेल्या धोका-नकाशाशी जवळपास तंतोतंत जुळला. नकाशा बरोबर होता. पण अनेकांनी तो पाहिलेला नव्हता, किंवा पाहून ठेवून दिला होता. गेलेल्यांत बहुसंख्य वृद्ध होते, त्यांतले बरेच तळमजल्यावर सापडले. निळी रेषा आणि तिच्या बाहेरची, बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्याची लाल रेषा आपल्याकडेही नकाशावर आहेत. दत्तनगरातल्या किती भाडेकरूंना आपलं घर त्यांच्या आत आहे की बाहेर, हे ठाऊक आहे?

दुसरा उमेदवार नेदरलँड्समधलं नायमेखेन. वाल नदी शहराजवळ वळते आणि अरुंद होते. १९९५ च्या पुरात त्या देशात अडीच लाख लोक हलवावे लागले, त्यानंतर 'नदीला जागा द्या' असा राष्ट्रीय कार्यक्रम आला. नायमेखेनजवळ लेंटच्या बाजूचा बांध सुमारे ३५० मीटर मागे घेतला, नदीला जोडकालवा खणून दिला आणि त्यासाठी पन्नासेक घरं उठवली. पाहायला सुंदर काम आहे. पण त्यामागे ओतलेला पैसा आणि ताब्यात घेतलेली जमीन पाहता सांगलीने पहिल्या जोडीसाठी तिकडे जाऊ नये असं माझं मत आहे. अभ्यासदौऱ्यातून परतलेला माणूस 'त्यांचं बरं आहे' एवढंच म्हणेल.

तिसरी वाट सर्वांत सोपी असू शकते: राज्याने आधीच पाडलेल्या रस्त्यावरून जाणं. जपानच्या वाकायामा प्रांताशी महाराष्ट्राचा २०१३ पासून सामंजस्य करार आहे. तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा २०१५ मध्ये उभा राहिला तो याच संबंधांतून. वाकायामानेही २०११ च्या सप्टेंबरात वादळी पावसाचा मोठा पूर सोसला आहे. जर्मनीत बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी महाराष्ट्राची भागीदारी आहे. अशा ठिकाणचं शहर निवडलं तर मंत्रालयातल्या माणसाला फाईल अनोळखी वाटत नाही, आणि ही लहान गोष्ट नाही.

शहर मनात ठरलं की त्याच्या आधीच्या जोड्या तपासा. कुराशिकीच्या सांक्ट पोल्टेन, कॅन्सस सिटी, क्राइस्टचर्च आणि झेनजियांग या शहरांशी जोड्या आहेत. त्यांत काय चालतं ते पाहिलं की त्या शहराचा स्वभाव कळतो: विद्यार्थी पाठवणारं आहे, समारंभ करणारं आहे की खात्याने खात्याशी बोलणारं आहे.

पहिलं पत्र महापौरांच्या सहीने पाठवू नका

महापौरांचं पत्र समोरच्या महापौरांकडे जातं, तिथून राजशिष्टाचार कक्षात जातं आणि त्याचं उत्तरही तसंच गोल येतं. आपल्याला हवा आहे तो तिथल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षातला माणूस. त्याच्यापर्यंत पोचायची चांगली वाट म्हणजे महाविद्यालय. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थेतल्या जलशास्त्राच्या प्राध्यापकाने त्या भागातल्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाला लिहिलं तर ते दोन संशोधकांमधलं संभाषण ठरतं. एखादं ऑनलाइन व्याख्यान घ्यायला कोणत्याही कराराची गरज नसते. त्या व्याख्यानाला दोन्ही महापालिकांचे अधिकारी श्रोते म्हणून बसले की अर्धं काम झालं.

दुसरी वाट मुंबईतले वाणिज्य दूतावास. जपान, जर्मनी, नेदरलँड्स, इटली या सगळ्यांचे तिथे आहेत. जपानी स्थानिक संस्थांच्या परदेश-संबंधांसाठी १९८८ पासून 'क्लेअर' ही संस्था आहे, तिचं सिंगापूर कार्यालय या भागाचं काम पाहतं.

पत्र एका पानाचं. मजकूर साधारण असा:

'आमच्या शहरात २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पूर आला. नदीची पातळी वाढू लागल्यापासून लोक हलवायला आम्हाला मिळणारा वेळ आणि आमची सध्याची पद्धत सोबतच्या तक्त्यात आहे. तुमच्या शहराने २०१८ नंतर वृद्ध आणि आजारी रहिवाशांच्या याद्या कशा तयार केल्या, त्या अद्ययावत कोण ठेवतं आणि त्यांचा सराव कधी होतो, हे समजून घ्यायला तुमच्या संबंधित विभागाशी एक तासाची ऑनलाइन बैठक हवी आहे. आमच्याकडून बोटीने केलेली सुटका, जनावरांची छावणी आणि गाळ काढण्याचे आमचे अनुभव, चुकांसकट, सांगायला आम्ही तयार आहोत.'

शेवटचं वाक्य वगळू नका. परदेशी शहराशी बोलताना आपण फक्त मागणारे असतो, असं आपल्यालाच वाटत असतं. माबीच्या लोकांना गाई-म्हशींसह गाव हलवायचा अनुभव नाही. मंगल कार्यालयांत आठवडाभर हजारोंचा स्वयंपाक कसा चालतो हे त्यांनी पाहिलेलं नाही. आणि ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळजवळ बचावाची बोट उलटली, त्या दुर्घटनेतून बोट, माणसं आणि लाइफ जॅकेट यांच्या हिशोबाबद्दल जे कळलं ते कुठल्याही नदीकाठच्या शहराने ऐकण्यासारखं आहे. अपयश सांगणाऱ्या शहरावर समोरचं शहर लवकर विश्वास ठेवतं.

विष्णुदास भावे, १८४३, नाट्यपंढरी हे सगळं पत्रात नको. जेवणाच्या टेबलावर जरूर सांगा.

वेळेचं गणित: जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. आपल्याकडे सकाळी ११ ला तिथे दुपारचे अडीच, दोघांनाही सोयीचं. आर्थिक वर्ष त्यांचंही एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाच्या तरतुदीची मागणी शरदातच सुरू होते, म्हणून आपला प्रस्ताव दसरा-दिवाळीच्या आत त्यांच्या हाती असावा. बदल्याही तिथे मुख्यतः एप्रिलमध्ये होतात. मार्चमध्ये कोणाशी काही ठरवलं असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा विचारून घ्या.

परवानगीची वाट

इथे घाई करणाऱ्यांची फाईल परत येते. परराष्ट्र संबंध हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीचा विषय आहे, नोंद १०. परदेशाशी तह आणि करार हे नोंद १४ मध्ये. त्यामुळे महापालिका कुठल्याही परदेशी शहराशी बंधनकारक करार करू शकत नाही. ती सामंजस्य करार करते आणि तोही वरून संमती घेऊन.

क्रम साधारण असा असतो. संबंधित विभाग टिपणी तयार करतो. आयुक्त ती मान्य करून महासभेपुढे ठेवतात. महासभेचा ठराव होतो, आणि महापालिकेवर प्रशासक असेल तर प्रशासकीय ठराव. ठराव, मसुदा आणि समोरच्या शहराचं इच्छापत्र अशा तीन गोष्टी नगरविकास विभागाकडे जातात. राज्य सरकारच्या राजशिष्टाचार विभागाचं मत घेतलं जातं. तिथून केंद्राकडे. परराष्ट्र मंत्रालयात २०१४ पासून राज्यांशी समन्वयासाठी स्वतंत्र विभाग आहे, तो प्रस्ताव तपासतो आणि त्या देशातल्या आपल्या वकिलातीला कळवतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं विदेश भवन २०१७ पासून सुरू आहे. त्या मंत्रालयाशी संबंधित कामासाठी दर वेळी दिल्ली गाठावी लागत नाही.

मधला एखादा टप्पा गाळून थेट दिल्लीला पाठवण्याचा मोह होतो. तसं करू नका, कागद खाली पाठवला जातो. रंगो बापूजींची आठवण होते. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये गादीवरून काढल्यावर त्यांची बाजू मांडायला ते लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षं तिथे दारं ठोठावत राहिले. दाद मिळाली नाही. आपली फाईल तितकी रेंगाळणार नाही, पण काही महिने धरून चाला आणि त्या काळात ऑनलाइन बैठका चालू ठेवा. माहितीची साधी देवाणघेवाण, व्याख्यानं, विद्यापीठांमधलं काम हे त्या परवानगीवर अडून नसतं.

पैसा आणि प्रवास

या जोड्यांची बदनामी इथेच होते, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

परकीय अंशदान नियमन कायदा, २०१० हा मुख्य कायदा. त्यातलं एक कलम अनेक नगरसेवकांना माहीत नसतं. परदेशी शहराने विमानाचं तिकीट, राहणं किंवा जेवण याचा खर्च उचलला तर ते 'परकीय आदरातिथ्य' ठरतं. कलम ६ नुसार विधिमंडळाचे सदस्य, राजकीय पक्षांचे पदाधिकारी, न्यायाधीश आणि सरकारी नोकर यांना ते केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही. आणि या कायद्याच्या व्याख्येत विधिमंडळात नगरपालिका आणि पंचायतही मोडतात. म्हणजे आपल्या प्रभागाचा नगरसेवकही त्यात आला. अर्ज एफसी-२ या नमुन्यात, ऑनलाइन, प्रवासाच्या दोन आठवडे तरी आधी पोचेल असा करायचा. अपवाद परदेशात अचानक आजारी पडल्यास होणाऱ्या उपचारांचा, तोही नंतर महिन्याच्या आत कळवावा लागतो. खर्च महापालिकेने स्वतःच्या अंदाजपत्रकातून केला तर हा प्रश्न येत नाही, पण मग लेखापरीक्षण आणि वृत्तपत्रं यांचा येतो.

स्थानिक स्वयंसेवी संस्थेमार्फत परदेशी पैसा आणायचा असेल तर त्या संस्थेची याच कायद्याखाली नोंदणी किंवा तिला पूर्वपरवानगी हवी, तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावा लागतो आणि २०२० च्या दुरुस्तीपासून तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. 'एका संस्थेने घ्यायचा आणि पाच मंडळांना वाटायचा' ही पद्धत बंद झाली आहे. माझा सल्ला: पहिल्या दोन वर्षांत पैसा सीमेपार आणूच नका. दोघांनी आपापला खर्च करायचा.

निधीचे सरळ मार्ग आहेत, पण बहुतेक वेळा अर्ज समोरच्या शहराने करायचा असतो. 'जायका' या जपान सरकारच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेची तळागाळातल्या तांत्रिक सहकार्याची योजना तशीच आहे: जपानी नगरपालिका किंवा संस्था अर्जदार, आपण भागीदार. जर्मनीत नगरपालिकांच्या परदेशी भागीदारीला मदत करणारं स्वतंत्र सेवाकेंद्र आहे. युरोपीय संघाचा शहर-सहकार्य कार्यक्रम आहे. म्हणून समोरच्या शहराला आपला विषय मनापासून पटणं हाच पैशाचाही मार्ग.

प्रवासाला कोण जाणार हे ठरावातच नावानिशी नव्हे, पदानिशी लिहा: आपत्ती व्यवस्थापन अधिकारी, नगररचनाकार, अग्निशमन अधिकारी, पूरपट्ट्यातल्या प्रभागाचा एक सदस्य, एक प्राध्यापक. परतल्यावर तीस दिवसांत महासभेपुढे लेखी अहवाल. ही अट आधी लिहिली की यादी आपोआप आखूड होते.

मसुद्यात काय हवं

दोन पानांपेक्षा मोठा करार वाचला जात नाही. त्यात एवढं असू द्या: दोन्ही पक्ष, तो एक विषय, दोन्ही बाजूंची कामाची टीम पदांसह, वर्षातून किती बैठका, आपापला खर्च ज्याचा त्याने, मुदत तीन वर्षं, सहा महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येईल आणि हा दस्तऐवज आंतरराष्ट्रीय कायद्याने बंधनकारक नाही. मतभेद चर्चेने सोडवायचे. इंग्रजी, त्यांची भाषा आणि मराठी अशा तीन प्रती. मराठी प्रत हवीच, कारण तो कागद वॉर्डातल्या मुकादमालाही वाचता आला पाहिजे.

राजकीय भूमिका मांडणारं एकही वाक्य घालू नका आणि समोरच्याने घातलं तर परराष्ट्र मंत्रालयाला दाखवल्याशिवाय मान्य करू नका. प्राग आणि बीजिंग यांची जोडी २०१९ मध्ये मोडली ती 'एक चीन' धोरणाला बांधील राहण्याच्या एका कलमावरून. ओसाकाने सॅन फ्रान्सिस्कोशी असलेलं साठ वर्षांचं नातं २०१८ मध्ये एका स्मारकाच्या वादातून तोडलं.

आणखी एक कलम नकाशांचं. भारताच्या फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक मार्गदर्शक सूचनांनुसार आडव्या दिशेने १ मीटर आणि उभ्या दिशेने ३ मीटर यापेक्षा सूक्ष्म अचूकतेची माहिती फक्त भारतीय संस्थांकडे आणि भारतातच साठवलेली असली पाहिजे. पुराचे नकाशे नेमके याच मर्यादेत अडकतात, कारण गल्लीतलं पाणी फुटात मोजायचं असतं. त्यामुळे ड्रोनने केलेलं जमिनीच्या उंचसखलपणाचं सर्वेक्षण उचलून ईमेलने पाठवू नका. पद्धत पाठवा, मूळ माहिती इथेच ठेवा. उत्साही कनिष्ठ अभियंत्याला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पहिलं वर्ष

जून ते सप्टेंबर आपल्याकडून कोणी बैठकीला बसणार नाही, बसू नयेही. जपानात जूनपासून पावसाळा, मग वादळं थेट ऑक्टोबरपर्यंत. कामाचे महिने नोव्हेंबर ते मे.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दोन्ही शहरांनी आपापली हलवण्याची यादी समोरासमोर ठेवायची, नावं झाकून. कुठल्या घरात एकटी वृद्ध व्यक्ती आहे, कोण डायलिसिसवर आहे, कोणाकडे वाहन नाही, ही माहिती कोण गोळा करतं? आपल्याकडे आशा सेविका आणि अंगणवाडी ताईंना हे तोंडपाठ असतं, पण पुराच्या नियंत्रण कक्षात त्यांना कोणी विचारत नाही. या एका तुलनेतून निघालेली यादी दोन प्रभागांत तयार झाली तरी वर्ष सार्थकी लागलं असं समजा.

जानेवारी-फेब्रुवारीत पाण्याच्या खुणा. २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर होतं त्या रेषा विजेच्या खांबांवर, शाळांच्या भिंतींवर रंगवायच्या, आयर्विन पुलाजवळ किती फूट असताना इथे पाणी येतं तो आकडा शेजारी. हे काम स्वस्त आहे आणि कोणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. घरमालकांचा विरोध होईल, जागेचा भाव पडतो म्हणून. तो धरून चाला आणि सरकारी भिंतींपासून सुरुवात करा.

मेमध्ये सराव, एकाच शनिवारी दोन्ही शहरांत. सकाळी ९ वाजता इथे भोंगा, तिथे साडेबारा. दुपारी एकमेकांना फक्त काय बिघडलं ते सांगायचं. दुभाषा म्हणून पुण्यात जपानी शिकणारे बरेच विद्यार्थी आहेत, मात्र फुगवटा, विसर्ग, निळी रेषा अशा शब्दांची यादी त्यांना महिनाभर आधी द्या.

या जोडीचं काम पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याची बदली होणारच. म्हणून दर बैठकीचं टिपण त्याच दिवशी, एकाच फाईलमध्ये, आणि तिची दुसरी प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. प्राध्यापकांची बदली सहसा होत नाही.

मिरजेची वेगळी वाट

मिरजेला समुद्रापलीकडचं सहकार्य नवं नाही. महापालिका १९९८ ची, पण कॅनडात जन्मलेल्या विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं ते १८९४ ला. सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इटलीतलं क्रेमोना हे व्हायोलिन घडवणाऱ्यांचं गाव, तिथे १९३८ पासून वाद्यनिर्मितीची शाळा आहे आणि त्या कौशल्याला २०१२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांच्या संस्थेने त्या शाळेशी थेट बोलावं: मुलं हा धंदा सोडून का जातात, शिकाऊ कारागिराला पहिल्या दोन वर्षांत पोट कसं भरता येतं, हे दोन्हीकडचे प्रश्न असू शकतात. यात महापालिकेने फक्त जागा आणि पत्र द्यावं. पुराच्या फाईलला हा विषय जोडला तर दोन्ही रखडतील.

तीन वर्षं झाल्यावर

मुदत संपण्याच्या सहा महिने आधी तीन गोष्टी तपासा. हलवण्याची यादी किती प्रभागांत झाली आणि गेल्या पावसाळ्याआधी ती कोणी अद्ययावत केली? नगररचना विभागाच्या एखाद्या निर्णयात या कामाचा उल्लेख आहे का? समोरच्या शहराने आपल्याकडून घेतलेली एखादी तरी गोष्ट त्यांच्या कागदावर आहे का? तिन्हींचं उत्तर नाही आलं तर नूतनीकरण करू नका. आभाराचं पत्र पाठवा, त्याची प्रत नगरविकास विभागाला द्या, फाईल बंद करा. एका प्रश्नाला जरी होकार आला तर आणखी तीन वर्षांसाठी ठराव मांडा, आणि त्यात नवा विषय घालायचाच झाला तर एकच घाला. शेरीनाला वाट पाहतोय.